‘ते’ म्हणजे नक्की किती जण?

परवा रात्री साडेअकराला एका वाक्यावर अडकून बसले होते. मी कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करते, मराठीतून इंग्रजीत, पंधराएक वर्षं झाली आता. सेशन कोर्टातली कागदपत्रं म्हणजे फिर्याद, जबाब, पंचनामे, बऱ्याचदा साक्षीसुद्धा सगळं मराठीत असतं, आणि अपील दिल्लीला गेलं की ते सगळं इंग्रजीत करून लावावं लागतं. पानाला इतके पैसे असा हिशोब. ग्लॅमर शून्य.

तर वाक्य असं होतं (नावं गावं बदलून सांगतेय): “अण्णा व त्यांची दोन मुले बांधावर आली. त्यांनी माझ्या भावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली.”

आता सांगा, कुऱ्हाड कोणी घातली?

मराठी वाचणाऱ्याला इथं काही खटकतच नाही, इतकं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे ते. अण्णा गावातलं मोठं माणूस, साक्षीदार त्यांच्याहून लहान, तो “त्याने” म्हणणारच नाही, वैर असलं तरी. म्हणजे “त्यांनी” हा आदरार्थी एकवचनातला एकटा अण्णा असू शकतो. किंवा तिघं मिळून. कुऱ्हाड एकच आहे, पंचनाम्यात मुद्देमाल म्हणून एकच कुऱ्हाड जप्त आहे. पण इंग्रजीत तुम्हाला ठरवावंच लागतं, एक माणूस की अनेक, मधला रस्ता त्या भाषेत नाही. आणि हायकोर्टाच्या वेळी पेपरबुकात, म्हणजे अपिलासाठी बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात, ज्याने कोणी भाषांतर केलं होतं त्याने सरळ अनेकवचन टाकून दिलं होतं, बहुतेक विचारसुद्धा न करता, कारण वरच्या वाक्यात तिघं आलेत ना मग तिघंच असणार.

त्या एका शब्दावर दोन्ही पोरांची जन्मठेप उभी आहे असं म्हणणार नाही, बाकीही पुरावा आहे, पण “समान उद्देश” (म्हणजे सगळ्यांनी एकाच इराद्याने मिळून केलं) ठरवताना निकालात ते वाक्य उचललेलं आहे हे मी स्वतः वाचलं.

सकाळी वकीलसाहेबांना फोन केला. म्हटलं सर, मूळ मराठीत हे अनेकवचनच आहे असं नाहीये. ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, “उलटतपासणीत विचारलंय का कोणी?” नव्हतं विचारलं. खालच्या कोर्टात सगळ्यांना मराठी येत होतं, त्यामुळे कुणाला प्रश्नच पडला नाही. “तळटीप टाका आणि प्रमाणपत्रात तसं लिहा,” म्हणाले.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे तेव्हापासून डोक्यात ती सहा जणांची केस फिरतेय. आपल्या महाराष्ट्रातलीच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आणि थोडं सविस्तर सांगते कारण पेपरात ही बातमी एका दिवसाची होऊन गेली.

जून २००३. शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जण मारले गेले, बलात्कार झाले, वाचले ते आई आणि एक मुलगा. भयंकर गुन्हा होता, त्याबद्दल दुमत असायचं कारण नाही. पोलिसांनी सहा जणांना पकडलं, सगळे भटक्या जमातीतले, मजुरी करणारे. २००६ मध्ये सेशन कोर्टाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. २००७ मध्ये हायकोर्टाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची जन्मठेपेवर आणली.

इथपर्यंत ठीक, म्हणजे ठीक नाही पण रीतीप्रमाणे. पुढे सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, की ज्या तिघांना जन्मठेप दिलीय त्यांनाही फाशीच द्या. आणि ३० एप्रिल २००९ ला सुप्रीम कोर्टाने सरकारचं ऐकलं. सहाच्या सहा पुन्हा फाशीवर. आता ज्या तिघांची शिक्षा जन्मठेपेवरून फाशीवर गेली, त्या तिघांचं म्हणणं सरकारच्या त्या अपिलात ऐकूनच घेतलं गेलं नव्हतं.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत वाचलं. मला वाटलं माझंच काही चुकतंय.

कारण कायद्याचं तत्त्व याबाबतीत अगदी साधं आहे, शेतकऱ्यालाही पटेल असं. आरोपीने स्वतः अपील केलं असेल तर त्या अपिलात त्याची शिक्षा वाढवता येत नाही. नाहीतर कोण जाईल वर, माझ्यावर अन्याय झाला म्हणून दार ठोठवायचं आणि आतून आणखी दोन रट्टे खाऊन यायचं. शिक्षा वाढवायची असेल तर सरकारने वेगळं अपील करायचं आणि मग आरोपीला नोटीस द्यायची, त्याला बोलू द्यायचं. नुसतं “वाढवू नका” एवढंच नाही तर अशा वेळी तो “मी मुळात गुन्हाच केलेला नाही, मला सोडा” असंही म्हणू शकतो, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७७ मध्ये हायकोर्टापुरतं हे स्पष्ट लिहिलेलंच होतं. म्हणजे शिक्षा वाढवायचा अर्ज आला की सगळं प्रकरण आरोपीसाठी परत उघडतं. ही काही मेहेरबानी नाही.

आणि या केसमध्ये त्यांना खरंच बोलण्यासारखं होतं. ते पुढे येईलच.

२००९ नंतर फेरविचार याचिका केली, तीही फेटाळली. त्या काळी फेरविचार याचिका म्हणजे न्यायाधीश आपल्या दालनात कागद फिरवून निकाल देणार, वकिलाला उभं राहून बोलायची सोय नाही, फाशीची केस असली तरी. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली की अमुक १३ जणांना दिलेली फाशी चुकीच्या निवाड्याच्या आधारावर दिली गेलीय, ती रद्द करा, त्यात हे सहा जण होते. स्वतः सुप्रीम कोर्टानेच २००९ मध्ये बरियार केसमध्ये, तीही महाराष्ट्रातलीच, कबूल केलं होतं की फाशी देताना फक्त गुन्हा बघायचा आणि गुन्हेगाराची परिस्थिती बघायचीच नाही हा जुना निवाडा चुकीचा होता. आमच्या सहा जणांची फाशी त्याच जुन्या निवाड्यावर टेकलेली. बरियारचा निकाल कधी आला माहितीये? १३ मे २००९. म्हणजे यांच्यानंतर तेरा दिवसांनी. नशीब म्हणायचं की काय म्हणायचं याला.

मग सप्टेंबर २०१४ मध्ये मोहम्मद आरिफ केसमध्ये घटनापीठाने ठरवलं की फाशीच्या फेरविचार याचिका खुल्या कोर्टातच ऐकायच्या, तीन न्यायाधीशांनी, वकिलाला तोंडी बोलू द्यायचं. किती वेळ? जास्तीत जास्त अर्धा तास. हसू नका. आमच्याकडे गल्लीतल्या नळाच्या भांडणाची मीटिंग अर्ध्या तासात आटपत नाही. पण त्या अर्ध्या तासाची ताकद बघा, त्या खिडकीतूनच हे प्रकरण परत आत आलं, आणि ३१ ऑक्टोबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने आपला २००९ चा निकाल मागे घेऊन अपिलं नव्याने ऐकायचं ठरवलं.

आणि नव्याने ऐकल्यावर काय निघालं, तर घटनेतून वाचलेल्या त्या आईने घटनेनंतर एकदोन दिवसांतच पोलिसांच्या अल्बममधल्या फोटोंवरून चार माणसं ओळखली होती. चार वेगळीच माणसं! या सहांपैकी कोणी नाही. तसा तिचा जबाब कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर नोंदलेला होता. त्या चौघांवर खटला नाही, त्यांचं पुढं काय झालं काही नाही, आणि सरकार पक्षाने तो जबाब कोर्टापुढे आणलाच नव्हता. म्हणजे सेशन कोर्ट, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, तीन पायऱ्या चढून झाल्या, पुन्हा फेरविचार झाला, आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद बाजूलाच पडलेला.

५ मार्च २०१९ ला न्यायमूर्ती सिक्री, न्यायमूर्ती नझीर आणि न्यायमूर्ती शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. “संशयाचा फायदा” देऊन जाऊ द्या असं नुसतं नाही केलं, तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं, त्या चौघांबाबत पुढचा तपास करायला सांगितला, आणि राज्य सरकारने प्रत्येकाला ५ लाख द्यावेत असा आदेश दिला. सोळा वर्षांनंतर ५ लाख. भागाकार मी केला होता, दिवसाला शंभर रुपयेसुद्धा पडत नाहीत. यातला एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता हे २०१२ मध्येच सिद्ध झालेलं. अल्पवयीन मुलाला सेशन कोर्टात फाशीची शिक्षा झाली होती, आणि सुप्रीम कोर्टातही.

माझी एक मैत्रीण आहे, तिला हे सांगितलं तर म्हणाली “अगं पण शेवटी न्याय मिळालाच ना.” मी काही बोलले नाही, भाजी निवडत होतो दोघी. पण मला ते “शेवटी” पटत नाही. आणि कोणाला मिळाला? त्या आईला? तिने दोन दिवसांत फोटो दाखवून दिले होते बाईने, आणि तिच्याच नावाने दुसरी सहा माणसं सोळा वर्षं आत बसली आणि खरे कोण ते राहूनच गेलं. आरोपीचे हक्क म्हटलं की लोक लगेच विचारतात मग पीडितांच्या हक्कांचं काय. मला तरी या केसमध्ये ते दोन वेगळे दिसत नाहीत, तो एक जबाब कोर्टापुढे आला असता तर दोघांचंही भलं होतं.

मला यात सगळ्यात जास्त बोचतं ते “ते”. सहा माणसं, पण सगळीकडे ती एकगठ्ठा. भटक्या जमातीचे, एकाच आडनावाचे बरेचसे, मग कोण कुठं होता, कोणाच्या हातात काय होतं, कोणाचं वय काय, काय फरक पडतो, “त्यांनी” केलं. आणि गंमत म्हणजे हायकोर्टाने तिघांना वेगळं काढलं होतं तर वर गेल्यावर ते परत गठ्ठ्यात घातले, तेसुद्धा त्यांना न विचारता. अपील म्हणजे खरंतर गठ्ठा सोडायची जागा. आरोपी नंबर एक, आरोपी नंबर दोन, प्रत्येकाविरुद्ध काय आहे ते वेगळं मांडा, हे मला माझ्या पहिल्या सीनियरने शिकवलं होतं, मी तेव्हा त्यांच्याकडे टायपिंग करायचे. ते प्रत्येक आरोपीसाठी वेगळा कागद करायचे आणि वर नाव लिहायचे, नंबर नाही. “नंबर लिहिला की माणूस विसरतो,” म्हणायचे. चिडके होते फार, पण ही गोष्ट त्यांची बरोबर होती.

बरं हे सगळं कधी, तर अपील दाखल झालं तर. सेशन कोर्टाच्या निकालावर हायकोर्टात जायला ६० दिवस, फाशी असेल तर ३०. आणि जायला हातात निकालाची नक्कल लागते. यावरून होसकोटची केस आठवते, १९७८ ची, तीही आपल्याच राज्याविरुद्ध. हा प्राणी काही गरीब बिचारा नव्हता, विद्यापीठात शिकवणारा माणूस, कर्नाटक विद्यापीठाचं बनावट सील तयार करून घ्यायला निघाला होता. सेशन कोर्टाने त्याला “कोर्ट उठेपर्यंत” शिक्षा दिली, म्हणजे दिवसभर कोर्टात बसा आणि घरी जा! सरकार अपिलात गेलं, हायकोर्टाने १९७३ मध्ये ती ३ वर्षं सक्तमजुरीवर नेली. आणि हा सुप्रीम कोर्टात आला कधी तर शिक्षा भोगून झाल्यावर, चार वर्षांहून जास्त उशिराने, म्हणाला मला निकालाची प्रतच मिळाली नाही. तुरुंगवाले म्हणाले दिली होती, पण राज्यपालांकडे दयेचा अर्ज जोडायला परत घेतली. घ्या! कृष्णा अय्यर साहेबांनी त्याचं अपील काही मान्य केलं नाही, पण निकालात ठरवून दिलं की कैद्याला निकालाची प्रत फुकट आणि वेळेत मिळालीच पाहिजे, तुरुंगाने ती दिल्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि ज्याला वकील परवडत नाही त्याला अपिलासाठीही सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे. स्वतः हरला आणि बाकीच्यांसाठी दार उघडून गेला, असली माणसं पण लागतात.

ती पोच मी पाहिलीय बरं का, एका जेल अपिलाच्या फायलीत. छापील अर्धा कागद, “निकालाची प्रत मिळाली”, खाली निळ्या शाईचा अंगठा, शेजारी “डाव्या हाताचा” असं लिहिलेलं. आत निकाल होता १४० पानांचा, इंग्रजीत. अंगठा देणाऱ्या माणसाने त्या १४० पानांचं काय केलं असेल हा विचार करून बघा. मला आधी वाटायचं कायदा नाही म्हणून अन्याय होतो. आता उलट वाटतं, कायदा भरपूर आहे, अगदी चांगला आहे, पोचही आहे. फक्त अंगठा आणि १४० पानं यांच्यामधे कोणी माणूस नसतो.

असला तरी कसला असेल याचीही गॅरंटी नाही. म्हणून अनोखीलाल केसमध्ये, डिसेंबर २०१९, न्यायमूर्ती उदय लळीत यांच्या पीठाने सांगितलं की फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा केसमध्ये सरकारी खर्चाने वकील द्यायचा तर निदान १० वर्षं वकिली केलेला द्या आणि तयारीला निदान ७ दिवस द्या. हे सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं याचा अर्थ आधी काय चालत होतं, तर त्या केसमध्ये वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले होते. आणि १९९६ च्या बानी सिंगपासून हेही ठरलेलं आहे की वकील आला नाही म्हणून फौजदारी अपील तसंच फेटाळता येत नाही, कोर्टाने रेकॉर्ड वाचून गुणवत्तेवरच निकाल द्यायचा. दिवाणी दाव्यासारखं “गैरहजर, फाईल बंद” असं नाही. कारण गैरहजर वकील असतो आणि आत कैदी.

वेळेचं काय बोलायचं. जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांची केस घ्या, २०१५ ला १२ जणांना शिक्षा, पाच फाशी आणि सात जन्मठेप, आणि हायकोर्टाचा निकाल २१ जुलै २०२५ ला, सगळे निर्दोष. त्यातला एक २०२१ मध्येच करोनाने तुरुंगात वारलेला, तोही त्या दिवशी निर्दोष सुटला, म्हणजे काय झाला ते तुम्हीच ठरवा. नंतर सुप्रीम कोर्टाने त्या निकालाचा दाखला इतर केसेसमध्ये देऊ नये अशी स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत जायला सांगितलं नाही, सरकारचं अपील तिथे आहे. ज्यांची माणसं त्या डब्यांत गेली त्यांना एकोणीस वर्षांनी हातात काय आलं हाही प्रश्न आहेच, त्यावर लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत. १९७७ मध्ये काश्मिरा सिंग केसमध्ये न्यायमूर्ती भगवतींनी विचारलं होतं की पाच सहा वर्षं माणूस आत ठेवून मग तो निर्दोष ठरला तर कोर्ट त्याची भरपाई कशी करणार, म्हणून अपील लवकर ऐकता येत नसेल तर जामीन द्या. पाच सहा वर्षं त्यांना खूप वाटली होती.

असो. माझं आपलं पानाला इतके रुपये.

तळटीप टाकली शेवटी. तीन ओळींची झाली. मराठीतलं आदरार्थी बहुवचन म्हणजे काय, ज्या माणसाने कुऱ्हाड मारली असं सांगायचंय त्यालाही आपण अहोजाहो का करतो, हे दिल्लीतल्या माणसाला समजेल असं लिहिताना तीन वेळा खोडलं. वकीलसाहेबांनी वाचून “चालेल” म्हटलं. चालेल म्हणजे त्यांच्याकडून कौतुकच.

मॅटर गेल्या सोमवारी बोर्डावर होतं, अठ्ठेचाळीस नंबरला. चार वाजेपर्यंत एकतीसपर्यंतच पोचले. त्या दोन पोरांची आई माझ्याकडे कधीमधी फोन करते, एकदा कागद द्यायला आली होती तेव्हा नंबर घेऊन गेली होती. वकिलाला सारखं विचारायला भीती वाटते म्हणे, मला नाही वाटत. सोमवारी संध्याकाळी फोन आलाच.

“ताई, झालं का वो?”

म्हटलं नाही मावशी, नंबर आला नाही, पुढची तारीख पडेल.

“बरं. मंग त्येंनी काय म्हणलं?”

मी म्हटलं, अजून काहीच म्हटलं नाही. कोणाबद्दल विचारत होत्या, वकील, न्यायाधीश, की आतली पोरं, ते मी विचारलं नाही.